तारापूरचं इंधन : कोण मोजतं, काय मोजतं?

(हिरोशिमा दिनाच्या निमित्ताने अक्कलकोट येथे झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं हे भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)



गेल्या बैठकीत हा विषय ठरला तेव्हा मागच्या रांगेतल्या एक अक्का म्हणाल्या, "आम्हाला रेशनचं बोला, दारूबंदीचं बोला. अणूचा माल कुठल्या देशाने कुठल्या देशाला विकावा, याच्याशी आमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. मला स्वतःलाही तो पडला होता. मी समाजकार्य शिकलेली बाई, विज्ञान शाखेची नाही. पण हिरोशिमा दिनाला दरवर्षी आपण मेणबत्त्या लावतो, शांततेची गाणी म्हणतो आणि घरी जातो. यंदा म्हटलं, बॉम्ब होऊ नये म्हणून जगात जी व्यवस्था उभी आहे, ती नेमकी काय करते ते समजून घेऊ. वाचायला लागले तर ही सगळी गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात येऊन थांबली. तारापूरला.

आधी एक ओळखीचं उदाहरण देते. सोलापूरच्या विडी कामगार बायकांबरोबर मी काही वर्षं काम केलंय, आणि तुमच्यातल्याही काही जणी विड्या वळतात. तुम्हाला पान आणि तंबाखू तोलून मिळतो. तेवढ्या मालात इतक्या विड्या झाल्याच पाहिजेत, हे ठरलेलं असतं. संध्याकाळी विड्या मोजून घेतात, खराब म्हणून काही बाजूला काढतात, पान कमी पडलं तर पैसे कापतात. हिशेब अगदी चोख. तुम्ही तंबाखू परस्पर विकला तर नाही ना, एवढंच तो हिशेब बघतो. तंबाखूच्या धुळीने तुमची छाती भरली का, रात्री खोकला येतो का, मांडीवर सूप घेऊन बसून कंबर गेली का, हे त्या वहीत कुठेच लिहिलेलं नसतं. ती वही त्यासाठी बनवलेलीच नाही.

हे उदाहरण लक्षात ठेवा. अणूच्या व्यापारावरची जगाची देखरेख बरीचशी या वहीसारखी आहे.

आता तारापूर. मुंबईच्या उत्तरेला, बोईसरजवळ, समुद्रकाठी. तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र तिथे झालं. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन अणुभट्ट्या बांधून दिल्या, अमेरिकेच्याच कर्जातून, आणि १९६९ साली वीज सुरू झाली. त्याआधी १९६३ मध्ये दोन सरकारांचा तीस वर्षांचा करार झाला होता. या भट्ट्यांना लागतं ते समृद्ध केलेलं युरेनियम, म्हणजे खाणीतून निघतं तसं नाही, त्यावर मोठी प्रक्रिया केलेलं. ते भारतात तेव्हा होत नव्हतं. करारात असं होतं की इंधन अमेरिका पुरवील आणि भारतही त्याच इंधनावर भट्ट्या चालवील. जळून झालेल्या इंधनाचं पुढे काय करायचं, त्यावर प्रक्रिया करायची का, हे दोघांनी मिळून ठरवायचं. आणि या इंधनाचा बॉम्ब होत नाही ना, हे बघायला बाहेरचे तपासनीस येतील.

म्हणजे सून आणली, आणि तिच्या चुलीला लाकूडही माहेरच्याच वखारीतून यायचं असं लिहून घेतलं. माहेरशी बिनसलं की चूल विझली.

बिनसलं ते १९७४ साली. १८ मे रोजी राजस्थानात पोखरणला स्फोट झाला. सरकारने त्याला 'शांततामय स्फोट' म्हटलं. त्यासाठी लागलेलं प्लुटोनियम आलं होतं तुर्भ्याच्या 'सायरस' अणुभट्टीतून. ही भट्टी कॅनडाने १९५६ च्या कराराने दिलेली, त्यातलं जड पाणी अमेरिकेचं, आणि अट एकच होती: वापर शांततेसाठी. कॅनडाने मदत लगेच थांबवली आणि १९७६ मध्ये अणुसहकार्यच संपवलं.

यातून पुरवठादार देश घाबरले. आपण विकलेल्या मालातून गिऱ्हाईक बॉम्ब करतंय, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. १९७५ मध्ये लंडनला सात देश एकत्र बसले: अमेरिका, सोव्हिएत युनियन, ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, कॅनडा आणि जपान. बैठका गुप्त असत. तोच हा अणुपुरवठादार देशांचा गट. त्या काळात त्याला 'लंडन क्लब' म्हणत. आज त्यात ४८ देश आहेत. भारत नाही. २०१६ मध्ये भारताने सभासदत्वासाठी अर्ज केला, पण निर्णय सर्वानुमते लागतो आणि चीनचा विरोध आहे.

सोप्या भाषेत सांगायचं तर ही घाऊक व्यापाऱ्यांची संघटना. उधारी कोणाला द्यायची, कोणाला नाही, आणि दिली तर कोणत्या अटींवर, हे व्यापाऱ्यांनीच बसून ठरवलं. हा कायदा नाही, तह नाही. सभासद देशांनी आपापसात मान्य केलेले नियम आहेत, जे प्रत्येक देश आपापल्या कायद्याने अमलात आणतो. १९७८ मध्ये ते पहिल्यांदा उघड छापले गेले. त्यांच्या दोन याद्या आहेत. पहिल्या यादीत थेट अणूचा माल: अणुभट्ट्या, इंधन, जड पाणी, इंधनाच्या नळ्यांसाठीचा झिर्कोनियम धातू, युरेनियम समृद्ध करायची आणि जळकं इंधन विरघळवून प्लुटोनियम काढायची यंत्रं. दुसरी यादी १९९२ मध्ये झाली. त्यात दुहेरी उपयोगाच्या वस्तू आहेत. अतिशय अचूक कातकाम करणारी यंत्रं, विशिष्ट पोलाद, निर्वात पंप, दाब मोजायची साधनं. या वस्तू साध्या कारखान्यालाही लागतात आणि बॉम्बलाही. ही यादी का करावी लागली? कारण पाकिस्तान, इराक यांनी बाजारातून सुटे सुटे भाग घेऊन कारखाना उभा करता येतो हे दाखवून दिलं. पाकिस्तानच्या ए. क्यू. खान यांनी हॉलंडमधल्या नोकरीत पाहिलेल्या यंत्रांच्या बळावर धंदाच मांडला, आणि २००४ मध्ये त्यांनी तो दूरचित्रवाणीवर कबूल केला.

आपल्याकडेही असा कायदा आहे बरं का. भारत त्या गटात नसला तरी २००५ मध्ये संसदेने मोठ्या संहाराची शस्त्रं आणि त्यांना लागणारा माल यांच्या निर्यातीवर बंधनं घालणारा कायदा केला. म्हणजे पुण्या-कोल्हापूरच्या एखाद्या कारखान्याला विशिष्ट पंप परदेशी पाठवायचा असेल, तर आधी दिल्लीची परवानगी लागते.

इथवर वाचताना मला हे सगळं योग्यच वाटत होतं, आणि आजही वाटतं. हिरोशिमाचे फोटो पाहिलेल्या कुठल्याही बाईला वाटेल की हा माल वाटेल त्याला विकला जाऊ नये. माझा आक्षेप नियम आहेत यावर नाही. नियम काय विचारतात आणि काय विचारत नाहीत, यावर आहे.

आता तारापूरच्या इंधनाची पुढची गोष्ट ऐका. मला ती सगळ्यात बोलकी वाटते.

पोखरणनंतरही करार होता, त्यामुळे इंधनाची पार्सलं येत होती. प्रत्येक पार्सलाला अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचा निर्यात परवाना लागायचा. १९७६ मध्ये असा एक अर्ज आला. भारत सरकारच्या वतीने 'एडलो इंटरनॅशनल' नावाच्या वाहतूक कंपनीने तो केला होता. अमेरिकेतल्या तीन नागरिक संघटना मध्ये पडल्या. दोन पर्यावरणाचं काम करणाऱ्या, एक शास्त्रज्ञांची. त्यांनी हरकत घेतली, आम्हाला ऐकून घ्या म्हणाल्या. आयोग म्हणाला, तुमचा तसा हक्क बनत नाही. पण विषय महत्त्वाचा आहे, म्हणून जाहीर सुनावणी घेतो. आणि जुलै १९७६ मध्ये वॉशिंग्टनला ती झाली.

जरा थांबा. तारापूरच्या इंधनावर जाहीर सुनावणी झाली. कुठे? वॉशिंग्टनला! आणि साल बघा कोणतं. १९७६. आपल्याकडे तेव्हा आणीबाणी होती. तारापूरच्या कोळी बायकांना, अक्करपट्टीच्या, पोफरणच्या शेतकऱ्यांना त्या इंधनाविषयी कोणी चार शब्द विचारले असतील असं मला वाटत नाही. विचारायची पद्धतच नव्हती. आपल्या १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती गुप्त ठेवायचा अधिकार सरकारला दिला होता.

पुढे १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला. ज्या देशाची सगळी अणुकेंद्रं तपासणीसाठी खुली नाहीत, त्याला दोन वर्षांनंतर इंधन नाही. आधीचा करार मोडला तरी चालेल. भारताने म्हटलं, करार म्हणजे करार. १९८० मध्ये अमेरिकेच्या आयोगाने ३८ टन इंधनाला एकमताने नकार दिला, अध्यक्ष कार्टर यांनी तो बाजूला सारला, प्रतिनिधीगृहाने कार्टरना विरोध केला आणि सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ मतांनी इंधन सुटलं. दोन मतांवर! मग १९८२ मध्ये तोडगा निघाला, अमेरिकेऐवजी फ्रान्स इंधन देईल. १९९३ ला करार संपला आणि फ्रान्सनेही हात वर केले, कारण तोवर पुरवठादार गटाने सगळी केंद्रं खुली करण्याची अट सर्वांसाठी घातली होती. मग १९९५ मध्ये चीनकडून आलं. २००१ मध्ये रशियाकडून. गावातली सगळी दुकानं झाली.

पण इंधन रोखलं तेव्हा आणखी एक गोष्ट अडली. सुटे भाग. जुन्या यंत्राला सुटे भाग मिळेनासे झाले की काय होतं, हे पिठाच्या गिरणीवाल्यालाही कळतं. तारापूरच्या दोन भट्ट्या मूळ २१० मेगावॅटच्या. वाफ तयार करणाऱ्या काही भागांच्या नळ्या निकामी झाल्यावर ते भाग बंद करावे लागले आणि ऐंशीच्या दशकात क्षमता १६० वर आणावी लागली. आपल्या अभियंत्यांनी पुष्कळ गोष्टी स्वतः बनवल्या, त्याचं कौतुक झालं, व्हायलाही हवं. पण भट्टी बंद करावी का, असा प्रश्न राष्ट्राभिमानाच्या त्या वातावरणात कोण विचारणार? अमेरिका आपल्याला अडवतेय ना, मग आपण चालवूनच दाखवू! त्या 'चालवून दाखवण्या'त आत जाऊन दुरुस्ती कोणी केली? सत्तरच्या दशकाच्या शेवटी वर्तमानपत्रांतून आलं होतं की तारापूरला काही भागांत किरणोत्सार खूप साठला आहे आणि एकेकाचा डोस मर्यादेत ठेवण्यासाठी एकाच कामावर पुष्कळ माणसं लावावी लागतात. बाहेरून आणलेली, रोजंदारीची माणसं त्यात असतात. एखादा माणूस काही मिनिटं आत जातो, त्याचा वाटा भरतो, दुसरा जातो. कागदावर कोणाचीच मर्यादा ओलांडली जात नाही.

आणि आता मुख्य मुद्दा. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तपासनीस तारापूरला येतात. कॅमेरे लावतात, कुलपांना मोहरा लावतात, इंधनाचे गठ्ठे मोजतात, वहीतला आकडा आणि तळ्यातला आकडा जुळतो का बघतात. इंग्रजीत याला 'सेफगार्ड्‌स' म्हणतात. आपल्या वर्तमानपत्रांत 'सुरक्षा तपासणी' असं छापून येतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं, अरे वा, केंद्र सुरक्षित आहे का ते बाहेरचे लोक येऊन तपासतात. तसं नाही! ते बघतात माल कुठे पळवला तर नाही ना. गळती आहे का, कंत्राटी कामगाराला किती डोस बसला, गावच्या विहिरीत काय आहे, हे त्या तपासणीचं कामच नव्हे. त्या संस्थेत सुरक्षिततेचा विभाग आहे, तो वेगळा. तो मार्गदर्शक तत्त्वं छापतो आणि एखाद्या देशाने बोलावलं तर पाहणी करून सल्ला देतो. बोलावलं तर! मोजणी मात्र बंधनकारक.

विडीची वही आठवली का?

याच कारणासाठी आणखी एक बाब सांगते. २००६ मध्ये भारत-अमेरिका अणुकरारासाठी सरकारने केंद्रांची वाटणी केली, ही नागरी, ही लष्करी बाजूची. १४ भट्ट्या तपासणीला खुल्या करायचं ठरलं. तारापूरच्या जुन्या दोन भट्ट्या त्यात आल्या. पण त्याच आवारात नंतर बांधलेल्या, ५४० मेगावॅटच्या तीन आणि चार नंबरच्या भट्ट्या यादीत नव्हत्या. एकच कुंपण, एकच समुद्र, एकच वारा. दोन भट्ट्यांचा माल जग मोजतं, दोन भट्ट्यांचा नाही. कुंपणाबाहेर मासळी वाळत घालणाऱ्या बाईला यात फरक काय? आणि याच तीन-चार नंबरच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. पुनर्वसनाचा झगडा वर्षानुवर्षं मुंबई उच्च न्यायालयात चालला.

आपल्या शेजारचं कर्नाटकातलं कैगा तर पूर्णपणे त्या यादीबाहेर. नोव्हेंबर २००९ मध्ये कैगाला काय झालं ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कोणीतरी ट्रिटियम मिसळलेलं जड पाणी टाकलं, आणि पन्नासहून अधिक कामगारांच्या लघवीत ते सापडलं. जड पाणी ही पुरवठादार गटाच्या पहिल्या यादीतली वस्तू! एका देशातून दुसऱ्या देशात जाताना तिच्यासाठी सतरा परवानग्या. आणि भट्टीतून निघून ती कामगाराच्या पेल्यात गेली.

कोणी म्हणेल, ही आपल्या देशाची चूक, त्यात विकणाऱ्याचा काय दोष? माल विकताना घेणाऱ्याच्या गावातल्या माणसांचा विचार करायचा की नाही, हा प्रश्न खरोखर एका न्यायालयापुढे गेला होता. गोष्ट फिलिपिन्सची आहे. मार्कोस यांच्या राजवटीत बातान इथे वेस्टिंगहाउस कंपनी अणुभट्टी बांधणार होती. जागा नातिब या ज्वालामुखीच्या डोंगराजवळ. पुन्हा अमेरिकेच्या त्याच आयोगाकडे परवाना मागितला गेला. नागरिक संघटनांनी सांगितलं, भूकंपाचा, ज्वालामुखीचा धोका तपासा, तिथल्या लोकांच्या जिवाचं बघा. १९८० मध्ये आयोगाने ठरवलं की परदेशातल्या लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होईल, हे निर्यात परवान्याच्या वेळी आम्ही तपासणार नाही. १९८१ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. कारण काय, तर तो त्या त्या देशाचा सार्वभौम प्रश्न. म्हणजे बॉम्बची भीती असेल तर दुसऱ्याच्या देशात जाऊन गठ्ठे मोजता येतात, तेव्हा सार्वभौमत्व आड येत नाही. कॅन्सरची भीती असेल तर येतं.

बातानच्या लोकांनी मात्र हार मानली नाही. मोर्चे झाले, १९८५ मध्ये तीन दिवसांचा बंद झाला. मार्कोस गेले, चेर्नोबिल झालं, आणि १९८६ मध्ये अक्विनो सरकारने ती बांधून तयार असलेली भट्टी कधीच सुरू करायची नाही असं ठरवलं. एक युनिट वीज न मिळता फिलिपिन्सचे लोक २००७ पर्यंत तिचं कर्ज फेडत होते.

आपल्याकडे वळू. ६ सप्टेंबर २००८ रोजी व्हिएन्नाला पुरवठादार गटाने भारताला सूट दिली. ऑस्ट्रिया, आयर्लंड, न्यूझीलंडसारखे देश शेवटपर्यंत अडून होते. सूट मिळाल्यावर आपल्याकडे फटाके वाजले. चौतीस वर्षांचा बहिष्कार संपला म्हणून. मलाही तो बहिष्कार न्याय्य वाटत नव्हता. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी बॉम्ब फोडला ते राजमान्य आणि बाकीचे गुन्हेगार, ही प्रसारबंदी कराराची वाटणी कोणाला न्याय्य वाटेल? पण दार उघडलं त्यातून आत काय आलं? त्या महिनाअखेरीला फ्रान्सशी करार झाला, आणि डिसेंबर २०१० मध्ये जैतापूरसाठी अरेव्हा कंपनीशी मुख्य बोलणी ठरली. १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या. एकाच जागी ९९००. राजापूर तालुक्यातल्या माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, वरिलवाडा इथली ९३८ हेक्टर जमीन. जमिनीची प्रक्रिया तर व्हिएन्नाच्या निर्णयाआधीच सुरू झाली होती. १६ मे २०१० ला माडबनला जनसुनावणी झाली, तेव्हा मराठीतला अहवाल आम्हाला वेळेवर मिळाला नाही अशी गावकऱ्यांची तक्रार होती. १८ एप्रिल २०११ ला साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीने एक तरुण मच्छीमार गेला. फुकुशिमाला तेव्हा महिना-सव्वा महिना झाला होता. फुकुशिमाची पहिली भट्टीही जनरल इलेक्ट्रिकच्या रचनेची, तारापूरसारखी पाणी उकळवणारी, आणि तारापूरनंतर दोनच वर्षांनी सुरू झालेली.

जैतापूरच्या आंदोलनात बायका पुढे होत्या, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं. भरपाईचे धनादेश बहुतेक घरांनी बराच काळ घेतले नाहीत. जमिनीचा सातबारा पुरुषाच्या नावावर, पण आंबा-काजूची बाग आणि मासळीची पाटी बाईच्या डोक्यावर. भरपाईच्या हिशेबात पाटी धरत नाहीत. पुन्हा तेच, मोजायचं काय ते आधीच कोणीतरी ठरवलेलं.

शरीराचंही तसंच. किरणोत्साराचा डोस काढायला शास्त्रज्ञांनी एक नमुना माणूस ठरवला होता. १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने त्याचं वर्णनच छापलं: वीस ते तीस वर्षांचा, ७० किलो वजनाचा, पश्चिम युरोप किंवा उत्तर अमेरिकेतला पुरुष. गरोदर बाई नाही, रक्त कमी असलेली चाळीस किलोची कामगार बाई नाही, पोर नाही. नंतर त्यात सुधारणा झाल्या, स्त्रीदेहाचेही आराखडे आले. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या २००६ च्या अहवालात तेवढ्याच डोसाने स्त्रियांना कॅन्सरचा धोका पुरुषांहून अधिक असतो असं स्पष्ट लिहिलं आहे. पण डोसाची मर्यादा ठरवणाऱ्या टेबलाशी आपण कधी बसलो नाही.

आपल्याकडच्या नियामक मंडळाचीही कथा सांगायला हवी, नाहीतर सगळा दोष परदेशी व्यापाऱ्यांवर टाकून आपण मोकळ्या होऊ. १९९५ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाने, डॉ. ए. गोपालकृष्णन अध्यक्ष असताना, देशातल्या अणुकेंद्रांतल्या सुरक्षिततेच्या त्रुटींचा अहवाल केला. सुमारे १३० त्रुटी होत्या. हा अहवाल लोकांना द्या म्हणून मुंबई सर्वोदय मंडळ आणि पीयूसीएल मुंबई उच्च न्यायालयात गेले, पुढे सर्वोच्च न्यायालयात. २००४ मध्ये निकाल लागला: सरकार तो गुप्त ठेवू शकतं. इंधनाच्या गठ्ठ्यांचा आकडा व्हिएन्नाला कळतो, आणि नळ फुटका आहे की नाही ते बोईसरला कळत नाही.

आता हा विषय आजच का, ते सांगते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र आपल्या निर्बंधांच्या यादीतून काढलं. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या संसदेने नवा अणुऊर्जा कायदा केला. जुना १९६२ चा कायदा गेला, अपघाताच्या भरपाईचा २०१० चा कायदाही गेला, आणि खाजगी कंपन्यांना अणुवीज केंद्रं चालवायला वाट मोकळी झाली. २०१० च्या कायद्यात एक कलम होतं. सदोष माल दिल्यामुळे अपघात झाला तर केंद्र चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून वसुली करता येत होती. भोपाळ विसरू नका, असं सांगून लोकांनी ते कलम मिळवलं होतं. परदेशी कंपन्यांना तेच खुपत होतं. नव्या कायद्यात ते राहिलं नाही. पुरवठादारांनी आमच्यावर अटी घातल्या त्या पन्नास वर्षं टिकल्या. आम्ही पुरवठादारांवर घातलेली एक अट पंधरा वर्षांत गेली.

अक्कलकोटला कोणी अणुभट्टी बांधत नाही, हे मला माहीत आहे. आपल्याकडे फताटेवाडी-आहेरवाडीला कोळशाचं केंद्र आलं, तेव्हा जमीन, राख आणि नोकऱ्यांविषयी प्रश्न विचारायला आपल्याला बराच उशीर झाला होता. निदान वाचायला उशीर करू नये.

एक राहिलंच. इथे येताना एसटीत आपल्याच एका मैत्रिणीने विचारलं, "मग त्या जळक्या इंधनाचं काय झालं?" अमेरिकेने दिलेलं इंधन तारापूरला जळलं. उरलेले गठ्ठे अमेरिका परत नेईना, आणि त्यावर प्रक्रिया करायला संमतीही देईना. ते पाण्याच्या तळ्यात साठत राहिले. भांडी कोणी घासायची यावर दोन घरांचं भांडण, आणि खरकटं आपल्या मोरीत! २०१० मध्ये अमेरिकेने संमती दिली, पण त्यासाठी आंतरराष्ट्रीय देखरेखीखालचा वेगळा, नवा कारखाना हवा अशी अट घातली. १९६३ मध्ये 'मिळून ठरवू' म्हणून लिहिलेली ओळ, ठरायला सत्तेचाळीस वर्षं लागली.

पुढच्या बैठकीसाठी एवढं करू. नव्या कायद्यातलं भरपाईचं प्रकरण मी मराठीत करून आणते, बोजड झालं तर सांगा. आपल्यातल्या निम्म्या जणी घरी कन्नड बोलतात. कैगाविषयी कन्नडमध्ये बरंच छापलं गेलंय, ते ज्या वाचू शकतात त्यांनी मिळवून वाचावं आणि आम्हाला सांगावं. आणि अक्का, तुमच्या विडीच्या पासबुकावर काय काय लिहिलेलं असतं, ते पुस्तक घेऊन या.